वाचकांचे प्रश्न : पुण्याचा विश्रामबागवाडा

पुण्यातील पेशवेकालीन वाड्यांवरील लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाड्याविषयी विचारणा करणारी पत्रे बरीच होती. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न आवश्यक तेथे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : शनिवारवाड्यासारखी प्रशस्त वास्तू असताना दुसऱ्या बाजीरावांना नवा वाडा बांधण्याची गरज का वाटली? नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे त्यांना शनिवारवाड्याची धास्ती वाटत असे, असे आमच्या लहानपणी सांगितले जाई. त्यात तथ्य आहे का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : धास्तीची गोष्ट रंगतदार आहे आणि तिला आधार म्हणून दाखवता येईल असा इतिहासही आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून शनिवारवाड्यात झाला, त्या कटाचा ठपका रघुनाथरावांवर आला आणि दुसरे बाजीराव हे त्याच रघुनाथरावांचे पुत्र. पुढे १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यूही याच वाड्यात वरच्या मजल्यावरून पडून झाला. एवढ्या घटनांनंतर एखाद्याला ती वास्तू नकोशी वाटली असेल तर नवल नाही. तरीही केवळ भीतीपोटी विश्रामबागवाडा बांधला गेला असे म्हणणे मला पटत नाही, कारण बाजीरावांनी बांधलेला हा एकच वाडा नव्हे. शुक्रवार पेठेत त्यांनी एक वाडा बांधला, बुधवार पेठेत १८१३ च्या सुमारास आणखी एक उभारला. घाबरलेला माणूस एक घर सोडून दुसऱ्यात जाईल, तीन-तीन वाडे बांधणार नाही. ज्याला वाडे बांधण्याची हौस आहे आणि ज्याच्या हातात आता लढायांचा खर्च उरलेला नाही, अशा राज्यकर्त्याचे हे वर्तन आहे.

यातला दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी बाजीरावांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पुण्यातून निघून गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे त्यांनी इंग्रजांशी तह केला. त्या तहान्वये इंग्रजांची सहा हजारांची कायमची तैनाती फौज पेशव्यांच्या रक्षणासाठी ठेवण्यात आली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. मे १८०३ मध्ये इंग्रजांच्या पाठबळावर बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसले. विश्रामबागवाड्याच्या उभारणीचे वर्ष सर्वसाधारणपणे १८०७ असे दिले जाते, म्हणजे वाडा या तहानंतरच्या पुण्याचा आहे, आणि ते त्याच्या रूपावरून सहज ओळखता येते. शनिवारवाड्याभोवती तट आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीची धडक रोखण्यासाठी बसवलेले खिळे आहेत. विश्रामबागवाड्याला यातले काहीही नाही. तो पेठेतल्या रस्त्यालगत उभा आहे आणि त्याच्या दर्शनी बाजूला, प्रवेशद्वाराच्या वर, लाकडी मेघडंबरी बाहेर काढलेली आहे, जिच्यात उभे राहून खालची वर्दळ पाहता यावी आणि खालच्यांना वरचा धनी दिसावा. स्वसंरक्षणाची चिंता दुसऱ्याकडे सोपवलेल्या राजाचे हे घर आहे, असे मी म्हणेन. शनिवारवाड्याचे मानाचे स्थान मात्र त्यामुळे गेले नव्हते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुणे पडले तेव्हा इंग्रजांचे निशाण लावले गेले ते शनिवारवाड्यावरच.

बाजीरावांना या वाड्यात जेमतेम दहा-अकरा वर्षेच मिळाली. ३ जून १८१८ रोजी ते इंग्रज सेनाधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाख रुपयांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या बिठूरला गेले. त्याआधी मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती पडला तेव्हा गडावर असलेल्या त्यांच्या पत्नी वाराणशीबाई पुण्यात आल्या आणि काही काळ त्यांचे वास्तव्य याच वाड्यात होते.

प्रश्न : वाड्याच्या बांधकामाला दोन लाख रुपये खर्च आला, तर शनिवारवाड्याला केवळ सोळा हजार, असे वाचनात आले. मग विश्रामबागवाडा बारा पट मोठा होता असे समजावे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. शनिवारवाड्याचा १६,११० रुपये हा आकडा १७३२ मधल्या मूळ वास्तूचा आहे. त्यानंतर तट, बुरूज, कारंजी, दिवाणखाने आणि वाढीव मजले यांवर पुढच्या पिढ्यांनी किती खर्च केला, तो त्यात धरलेला नाही. पाऊण शतकात भावही बदलले होते. विश्रामबागवाड्याला सुमारे सहा वर्षे लागली आणि दोन लाख रुपये खर्च झाले, त्यांतला मोठा वाटा कोरीव लाकूडकामाचा असणार. हे दोन आकडे शेजारी ठेवून वास्तूंचा आकार ठरवता येत नाही.

प्रश्न : मी वास्तुकलेचा विद्यार्थी आहे. विश्रामबागवाड्यातील ‘सुरूचे खांब’ प्रसिद्ध आहेत. हे खांब मराठी परंपरेतले आहेत की बाहेरून आलेले? तसेच कोरीव कामाच्या आड वाड्याचा सांगाडा नेमका कसा असतो, भार कोण वाहते, हे समजावून सांगावे. (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आधी खांब पाहू. खांबाच्या मुळाशी दगडी तळखडा असतो, कारण लाकूड थेट जमिनीवर टेकले की ओल वर चढते आणि खांब पायापासून कुजतो. तळखड्यावर खांब सुरू होतो तो फुगीर, कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या भागाने. तेथून वर तो सुरूच्या झाडासारखा निमुळता होत जातो, अंगावर उभ्या पन्हळ्या किंवा पानांची नक्षी असते, गळ्याशी पुन्हा कडे येते आणि माथ्यावर केळफुलाची किंवा केळीच्या पानांची खालच्या दिशेने वळलेली पाती कोरलेली असतात. विश्रामबागेच्या दर्शनी सज्जाखाली आणि वरच्या दिवाणखान्यात हे काम पाहायला मिळते, आणि पाहताना कोरणाऱ्याने सागाच्या रेषा कोठे साथीला घेतल्या आणि कोठे त्यांच्या विरुद्ध गेला, हेही जवळून पाहावे. पातीच्या टोकाशी लाकूड आडव्या रेषेत तुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि अनेक जुन्या खांबांची टोके तेथेच उडालेली दिसतात.

घडण मूळची मराठी मुलखातली नाही. शाहजहानच्या काळात आग्रा आणि दिल्लीच्या शाही इमारतींत अशा फुगीर पायाच्या, पर्णयुक्त माथ्याच्या खांबांचा वापर रूढ झाला. तेथून तो राजस्थानातील दरबारांत, मग अठराव्या शतकात उत्तरेत वावरलेल्या मराठी सरदारांच्या घरांत आणि त्यांच्यामार्फत पुण्यात आला. पण दगडातला किंवा संगमरवरातला खांब सागात उतरवताना इथल्या सुतारांनी तो बारीक केला, उंच केला आणि त्याच्या डोक्यावर केळफूल ठेवले. पेशवाईच्या उत्तरार्धात दिल्ली, जयपूर, ग्वाल्हेर येथे जे जे शोभिवंत म्हणून गाजत होते ते ते पुण्यात येत होते. खांबांच्या मूळ गावाची चौकशी करण्यापेक्षा त्यांना इथे मिळालेले रूप मला अधिक महत्त्वाचे वाटते.

खांबांच्या मधोमध दिसणाऱ्या पाकळीदार महिरपींविषयी एक खुलासा विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल. दगडी कमान भार वाहते, या लाकडी महिरपी वाहत नाहीत. त्या खांबांच्या दोन अंगांना बसवलेल्या कोरीव फळ्या असतात आणि दोन्ही फळ्या मध्यभागी भेटतात. महिरप काढून ठेवली तरी इमारतीला काही होत नाही. भार वाहते ती महिरपीच्या वरून एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलेली तुळई.

आता सांगाडा पाहू. पुण्यातील वाडा हा घडीव काळ्या दगडाच्या जोत्यावर उभ्या केलेल्या सागवानी खांबांचा आणि तुळयांचा पिंजरा असतो. त्यामधल्या जागा पातळ भाजक्या विटांनी भरलेल्या असतात आणि खालच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंती दगड-विटांच्या, चांगल्या जाड असतात. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि ते साधारण पाच-सहा फुटांचे असते. जुन्या कागदपत्रांत घराचे मोजमाप फुटांत नव्हे तर खणांत दिलेले आढळते, आणि दालनाची खोली ‘दोन खणी’, ‘तीन खणी’ अशी सांगितली जाते. याचे कारण व्यवहारी आहे. तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर सागाचे पाट, पाटांवर विटांचे तुकडे, माती आणि चुन्याचा थर अशी कडीपाटाची तक्तपोशी एवढी जड होते की खांबांमधले अंतर वाढवले तर तुळई वाकते. त्यामुळे दिवाणखाना कितीही भव्य करायचा असला तरी मध्ये खांब येणारच, आणि येणारच असतील तर ते देखणे का असू नयेत, या विचारातून सुरूचे खांब एवढे फोफावले असावेत, असा माझा तर्क आहे.

सांधे बहुतेक ठिकाणी खिळ्यांनी नव्हे तर एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे कुसू, म्हणजे तासून काढलेले टोक, बसवून केलेले असतात. असा सांधा थोडासा हलू शकतो, ओलाव्याने लाकूड फुगले-आकसले तरी तडकत नाही. साग लांबून आणावा लागे. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातला साग, चिंचवडच्या खाणींतला दगड आणि जेजुरीच्या पट्ट्यातला चुना आणल्याची नोंद प्रसिद्धच आहे, आणि त्यावरून एका मोठ्या वाड्यामागे केवढी वाहतूक उभी राहत असे याची कल्पना येते. चुना दगडी चाकाच्या घाणीत मळून, गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थ घालून बरेच दिवस मुरवला जाई. घाईने वापरलेला चुना भिंतीवर फोड आणतो, हे गवंड्याला ठाऊक असे.

विश्रामबागवाडा दोन मजली आहे आणि त्यात तीन चौक आहेत. वाड्याचे आयुष्य चौकाभोवती चाले. देवडीतून आत आले की पहिला चौक येई, तेथे कारकून, भेटीस आलेले लोक आणि पहारेकरी यांची वर्दळ असे. त्याच्या आतला चौक कुटुंबाचा, आणि सर्वांत आतला मुदपाकखाना, पाणी आणि नोकरचाकर यांचा. ही सर्वसाधारण रीत आहे. प्रत्येक वाड्यात ती काटेकोर पाळलेली असेलच असे नाही. रस्त्याकडची भिंत जवळपास बंद ठेवून घर आतल्या चौकाकडे उघडायचे, ही मांडणी पुण्याच्या हवेला मानवते. दुपारी चौकातली तापलेली हवा वर जाते, भोवतालच्या ओसऱ्यांच्या सावलीतली हवा तिची जागा घेते, आणि मे महिन्यातही आतल्या ओसरीवर बसवते. पावसाळ्यात मात्र चौकात पडणारे सगळे पाणी जमिनीखालच्या नाळीतून बाहेर काढावे लागते, आणि नाळ तुंबली की सर्वांत आधी तळखड्यांची जागा ओली होते.

प्रश्न : महात्मा फुले यांचा जाहीर सत्कार पेशव्यांच्या वाड्यात झाला होता असे ऐकले. हे खरे असेल तर तो कोणता वाडा, आणि तेथे असा समारंभ कसा होऊ शकला? (एक शिक्षिका, अहमदनगर जिल्हा)

उत्तर : खरे आहे, आणि तो वाडा हाच. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी जोतीराव फुले यांचा मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या कार्याबद्दल शालजोडी देऊन सत्कार झाला, तो विश्रामबागवाड्यात, मेजर थॉमस कँडी यांच्या हस्ते. पेशवाई संपून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती आणि वाडा बाजीरावांचा उरलेला नव्हता. हे कसे घडले ते थोडे मागे जाऊन सांगावे लागेल.

पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत असत. राज्य गेल्यावर ही दक्षिणा एकाएकी बंद केली तर पुण्यात असंतोष माजेल, हे इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ओळखले, आणि दक्षिणेच्या रकमेतला काही भाग संस्कृत विद्येच्या पाठशाळेकडे वळवावा असा मार्ग काढण्यात आला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅप्लिन यांच्या कारकिर्दीत ही हिंदू पाठशाळा सुरू झाली, ती विश्रामबागवाड्यात. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक अशा शास्त्रांचे अध्यापन तेथे शास्त्री करीत. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. म्हणजे ज्या दिवाणखान्यात बाजीरावांचा दरबार भरत असे त्याच छताखाली तीन-चार वर्षांत पाठांतर चालू झाले, आणि शिकणारेही बहुतेक तेच, दक्षिणेचे पूर्वीचे हक्कदार किंवा त्यांची मुले.

दक्षिणेच्या पैशावर केवळ संस्कृत शास्त्रांचा हक्क का असावा, हा प्रश्न १८४९ मध्ये उघडपणे विचारला गेला. लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरच्या तरुण मंडळींनी अर्ज करून ती रक्कम मराठीत उपयुक्त पुस्तके लिहिणाऱ्यांना मिळावी अशी मागणी केली. पुण्यात त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव आपले तालमीतले गडी घेऊन उभे राहिले असे सांगितले जाते. १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. कँडी तेथील शिक्षणव्यवस्थेत वरिष्ठ होते, त्यामुळे सरकारी समारंभाला हीच जागा मिळाली. दक्षिणा घेणाऱ्यांच्या वंशजांनी गजबजलेल्या वाड्यात शूद्र-अतिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या माळी समाजातील तरुणाला शालजोडी दिली गेली, आणि तीही ज्या पेशवाईत हे अकल्पनीय होते तिच्या शेवटच्या पेशव्याच्या घरात. वाड्याच्या भिंतीवर केवळ बाजीरावांचे नाव असावे आणि ही तारीख नसावी, असे मला वाटत नाही.

आपल्या पत्रात डेक्कन कॉलेजचाही उल्लेख आहे. पूना कॉलेजचेच नाव १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले. पुढे कवी म्हणून प्रसिद्धीस आलेले एडविन आर्नल्ड १८५६ ते १८६१ या काळात या कॉलेजचे प्राचार्य होते. १८६८ मध्ये कॉलेज येरवड्याजवळच्या नव्या दगडी इमारतीत गेले. वाड्यात शाळा मात्र त्यानंतरही भरत राहिल्या.

प्रश्न : १८७९ च्या मे महिन्यात वाडा जाळण्यात आला तो वासुदेव बळवंत फडके यांच्या साथीदारांनी, असे मानावे काय? आणि वाडा जळाला असेल तर आज आपण पाहतो तो पेशवेकालीन म्हणता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. वासुदेव बळवंतांचे बंड तेव्हा भरात होते, फेब्रुवारीत धामारीचा दरोडा पडला होता आणि मे महिन्यात कोकणात पळस्पे येथे लूट झाली होती, त्यामुळे सरकारला पहिला संशय बंडाचाच आला. पुण्यातील सुशिक्षित ब्राह्मणांवर एकंदरीत करडी नजर फिरली, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची याच काळात धुळ्याला बदली झाली. पण चौकशीत आगीमागचे कारण फार क्षुद्र निघाले : सरकारी पुस्तक-भांडारातील एका नोकराने केलेली अफरातफर झाकण्यासाठी आग लावली होती. वासुदेव बळवंत जुलै १८७९ मध्ये पकडले गेले, त्यांच्यावर खटला चालला, पण या आगीचे श्रेय किंवा दोष त्यांच्याकडे जात नाही. आजही काही ठिकाणी ही आग क्रांतिकारकांच्या नावावर लिहिलेली आढळते, ती चूक आहे.

बुधवारवाडा त्या रात्री संपला. विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला आणि नंतर नगरपालिकेच्या आणि लोकांच्या पैशाने तो दुरुस्त झाला. तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की वाडा पेशवेकालीन आहे आणि नाहीही. काही खांब बाजीरावांच्या सुतारांचे, काही व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मिस्त्रींचे, आणि जाळी, कठडे, दारे, रंग यांत त्यानंतरच्या दुरुस्त्यांचे थर आहेत. १९३० च्या सुमारास वाडा पुणे नगरपालिकेकडे आला आणि बरीच वर्षे नगरपालिकेचा कारभार तेथूनच चालला. नंतर तळमजल्यावर पोस्ट आले, वर कचेऱ्या, आणि अलीकडच्या काळात ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन. बारीकसारीक तडजोडींचा हा क्रम काही शुद्धतावादी मंडळींना खुपतो. पण बाजीरावांच्या इतर वाड्यांची अवस्था त्यांनी आठवावी. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळून गेला, बुधवारवाडा १८७९ मध्ये. शनिवारवाड्यावर १७९१, १८०८ आणि १८१२ मध्ये आगीचे प्रसंग आले होतेच, आणि १८२८ च्या आगीने आतले जवळजवळ सर्व लाकूडकाम नेले. विश्रामबागवाडा आज उभा आहे तो मुख्यतः सतत कोणीतरी तेथे बसत होते, छप्पर गळले तर तक्रार करीत होते आणि ते दुरुस्त करून घेत होते म्हणून, असे माझे मत आहे. बंद पडलेल्या वाड्यांचे काय होते ते सदाशिव आणि नारायण पेठेत हिंडणाऱ्याला सांगायला नको.

प्रश्न : आमचा वाईचा वाडा ‘दोनशे वर्षांचा’ आहे असे घरात सांगितले जाते. त्याचा खरा काळ कसा ठरवावा? ठेकेदार भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि लाकडाला ऑइल पेंट लावा म्हणतो, ते करावे का? (एक कुटुंब, वाई)

उत्तर : घरातली तोंडी माहिती बहुधा एका पिढीने जास्तच सांगते, त्यामुळे ती धरून चालावी पण तीवर थांबू नये. आधी वास्तूकडे पाहावे. माळ्यावर जाऊन बॅटरीच्या उजेडात तुळया आणि कड्या न्याहाळाव्यात. वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ, असमान, थोडे वळणदार टवके दिसतात. यंत्राच्या करवतीने कापलेल्यावर समांतर खुणा असतात. ठोकलेले, चौकोनी दांड्याचे आणि प्रत्येकी थोडे वेगळे दिसणारे खिळे लोहाराच्या हातचे, तर गोल तारेचे एकसारखे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे किंवा नंतरचे. छपरावर मंगलोरी कौले असली तर त्यांच्या पाठीवरचा कारखान्याचा शिक्का वाचावा. बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यामुळे अशी कौले त्यानंतरचीच असणार. मात्र कौले बदलता येतात. त्यांवरून छपराचा काळ कळतो, वाड्याचा नाही. लोखंडी तुळया आढळल्या तर त्या भागाचे काम रेल्वे आल्यावरचे समजावे. मुंबई-पुणे लोहमार्ग बोरघाटातून १८६३ मध्ये पूर्ण झाला आणि जड माल घाटमाथ्यावर येऊ लागला.

मग कागद पाहावेत. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक, जुन्या वाटण्यांचे आणि गहाणाचे दस्त आणि घर इनामाचे असेल तर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या काळातील चौकशीची कागदपत्रे, जी १८५२ नंतरची आहेत, अशा क्रमाने मागे जावे. मोडी कागद घरात असतील तर ते वाळवी लागण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्यावेत. त्यांत घर ‘इतके खण’ असे लिहिलेले सापडले तर आजच्या घराचे खण मोजून पाहावेत, म्हणजे वाढवलेला भाग कोणता ते लगेच लक्षात येते.

सिमेंटचा गिलावा करू नये. जुनी वीट आणि चुना ओलावा शोषतात आणि उन्हात सोडतात. वरून सिमेंटचे कवच चढवले की आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही, तो वर चढतो, विटांचा भुगा होतो आणि भिंतीत पुरलेल्या लाकडी पट्ट्या कुजतात. हे दोन-तीन पावसाळे होईपर्यंत दिसत नाही, म्हणून ठेकेदार आपल्या जागी निर्धास्त असतो. चुन्याचाच गिलावा करावा, आणि चुना मुरवायला वेळ द्यायला जो तयार आहे अशाच गवंड्याला काम द्यावे. ऑइल पेंटविषयीही तेच : सागाला तेलपाणी पुरते, तकाकीच्या जाड रंगाखाली वाळवीची वाट दिसत नाही आणि कोरीव कामाच्या कडा भरून जातात. रंग आधीच चढलेला असेल तर तो वाळूच्या झोताने काढू नये, त्याने नक्षीच घासली जाते. रंग उतरवणारी रसायने लावून, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने तो सावकाश काढता येतो.

पैसे मर्यादित असतील तर पहिला खर्च छपरावर आणि पन्हळींवर करावा, दुसरा चौकातल्या नाळीवर. भिंतीत उगवलेला पिंपळ नुसता तोडू नये, मुळे राहिली तर तो पुन्हा फुटतो. तुळई वाकलेली दिसत असेल किंवा खांब तळखड्याशी टाचणीने टोचल्यावर भुसभुशीत लागत असेल तर आधी त्या दालनातील माणसे आणि जड सामान हलवावे, तात्पुरते टेकू द्यावेत आणि लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याला बोलवावे. खांबाचा पूर्ण भाग बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेला तळचा हात-दीड हात कापून त्या जागी जुन्या सागाचा तुकडा जोडता येतो, आणि तशा सागासाठी पुण्यातील जुन्या लाकडाच्या बाजारात चौकशी करावी.